आमच्या वाडीचा कोरा चौकोन

रतन,

मागच्या आठवड्यात वहीचं एक पान फाडून त्यावर आपला पट आखला. गावं ओळीनं लिहिली, फासा टाकला, तुझ्या वाटचाही मीच टाकला. गाणीही सुचली, तशी ती मला नेहमीच सुचतात, भले तू काहीही म्हण. पण गाण्याचं नाव घेतल्यावर समोर कुणीतरी चष्मा कपाळावर ढकलून "न्हाई बसलं" म्हणावं लागतं. ते कोण म्हणणार? आमची मंदा आतून म्हणाली, "कुनाशी बोलताय?" मी म्हणालो, कुणाशी नाही. आणि ते खरंच होतं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तुला जाऊन आज तेरा दिवस झाले. या तेरा दिवसांत तुझ्याबद्दल लोक काय काय बोलले ते ऐकायला तू हवा होतास. एकानं तुला मनमिळाऊ म्हटलं. मी तोंडावर रुमाल धरला, लोकांना वाटलं रडतोय. इतक्या वर्षांत माझं एखाददुसरंच गाणं पहिल्या फटक्यात मान्य करणारा तू, आणि मनमिळाऊ. दुसऱ्यानं सांगितलं की तू जुन्नरच्या बाजारपेठेचा चालता-बोलता इतिहास होतास. तू असतास तर विचारलं असतंस, "मंग पोरं मोबाईलचं कव्हर मागायलाच का येत व्हती?"

तुझं दुकान आठवतंय मला ते कॅसेटच्या काळातलं. स्टँडच्या बाहेर, दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं एवढं. खेड्यापाड्यातली माणसं यायची, खिशातून चुरगळलेला कागद काढायची, त्यावर पेन्सिलीनं गाण्यांची नावं. तू कोरी कॅसेट लावायचास, दोन डेक शेजारीशेजारी, आणि एकेक गाणं भरून द्यायचास. निम्म्या लोकांना नाव धड ठाऊक नसायचं. "त्ये वो, बाई दळायला जाती आन येतच न्हाई" एवढ्यावरून तू गाणं काढायचास. ही काही पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांची गाणी नव्हती. आपल्याच भागातल्या बँजो पार्ट्या, शाहीर, भजनी मंडळं, तमाशातल्या बाया. बऱ्याचशा गाण्यांना मुळात नावच नसायचं, ते तूच ठेवायचास, गोल गोल अक्षरात, लाल शाईनं.

आणि मी त्या कॅसेटी पोचवायचो. कंडक्टरच्या थैलीत तिकिटं, चिमटा, सुटे पैसे आणि तळाशी तुझ्या दोन-चार कॅसेटी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. सकाळची गाडी घाटघरला, दुपारची आण्याला. गाडी थांबली की कुणीतरी हात वर करायचं, मी खिडकीतून पुडी द्यायचो. असं चाललं होतं बरं. मग मी तो घोळ घातला.

घाटघरला एका म्हाताऱ्याचा दहावा होता, त्यांच्यासाठी तू भजनं भरली होतीस. आण्याला हळद होती, त्यांच्यासाठी नाचायची गाणी. दोन्ही पुड्या एकाच वर्तमानपत्राच्या, आणि मी त्या उलट्यासुलट्या दिल्या. हळदीच्या मांडवात 'चार खांदे, मोकळी वाट' लागलं. नवरदेवाची आत्या मोठ्यानं रडायला लागली आणि मामा दुसऱ्या दिवशी फाट्यावर काठी घेऊन माझ्या गाडीची वाट बघत उभा. तिकडे घाटघरला दहाव्याला 'पिवळी झाली कोंबडी' सुरू झालं. भटजी गडबडला, कुणीतरी टेप बंद करायला धावलं, तर म्हाताऱ्याची बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यान्ला नाचायला लई आवडायचं." आणि ती कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजली. पुढच्या खेपेला तिनं माझ्या हातात तुझ्यासाठी शेरभर हिरडा दिला होता, आठवतं? तो हिरडा तू वर्षभर दुकानात बरणीत ठेवलास आणि खोकल्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक दिलास.

आपला खेळ त्या घोळातून निघाला. तू म्हणालास, "कंडक्टर, तुज्या डोक्याचा भरोसा न्हाई. आपुन गावागावाला एकेक गाणं ठरवूनच टाकू. मंजी तू चुकलास तरी गाणं आपल्या गावी बरूबर जाईल."

तुझ्या पोरीचा, प्रज्ञाचा, व्यापाराचा पट तेव्हा फाटून माळ्यावर पडला होता. तू तो उतरवलास, मोठमोठ्या शहरांच्या नावांवर कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्यास आणि माझ्याकडून गाड्यांचे थांबे क्रमानं लिहून घेतलेस. तुरुंगाच्या कोपऱ्याला मी 'साहेबांची केबिन' असं नाव दिलं, ते तू विनातक्रार घेतलंस. जिथं नशिबाची चिठ्ठी उचलायची तिथं 'गाडी फेल'. नियम तुझे. फासा टाकायचा, सोंगटी ज्या गावावर थांबेल त्या गावाला शोभेल अशा गाण्याचं नाव घ्यायचं. गाऊन दाखवायचं नाही, नुसतं नाव. समोरच्यानं "बसलं" म्हटलं तर एक खूण. तीन वेगवेगळ्या दिवशी तेच नाव बसलं तर ते पेन्सिलीनं चौकोनात लिहायचं आणि मग ते त्या गावाचं. माझी सोंगटी म्हणजे तिकिटाच्या जुन्या चिमट्याचा स्क्रू, तुझी सदऱ्याचं पांढरं बटण.

केवढे भांडलो आपण. घाटघरला 'ढगात राहते पाहुणी' बसायला दोन वर्षं लागली, कारण तुझं म्हणणं, तिथली माणसं ढगात राहत नाहीत, शेतात राबतात, ढग आपल्यासारख्या फिरायला जाणाऱ्यांना दिसतात. कोरड्या लोणीला मी 'एक घागर उशिरा' म्हणालो, आणि तू एवढा वेळ गप्प राहिलास की मला वाटलं राग आला. मग म्हणालास, "बसलं. पन पाऊस झाला त्या वर्सी खोडायचं." तमाशाच्या नारायणगावाला 'कनात उचलून बघ'. ते तुला इतकं आवडलं की तीन दिवसांचा नियम मोडून त्याच दिवशी लिहिलंस, आणि मी नियमावर बोट ठेवलं तर म्हणालास, नियम ज्यानं केले त्यालाच मोडायची अक्कल असते.

धरणात गेलेल्या आंबेगावावरून तर आपण आठवडाभर बोललो नाही. माझं म्हणणं सरळ होतं, तिथं गाडी जात नाही, गाव पाण्याखाली, चौकोन कशाला वाया घालवायचा. तू म्हणालास, "तुजी गाडी जात न्हाई म्हून गाव न्हाई व्हय?" आठवड्यानं मी आलो तेव्हा तू चहा मागवलास आणि सांगितलंस की त्या गावाला गाणं नकोच. दोन गाण्यांच्या मधी जी मोकळी टेप फिरते ना, नुसती खरखर, ती त्याची. मी लगेच "बसलं" म्हणालो. तुझ्या तोंडून निघालेलं पहिल्याच दिवशी बसलेलं ते एकच, आणि ते गाणंच नव्हतं.

असे सगळे चौकोन भरत आले, एक सोडून. आमची वाडी. त्या चौकोनाबद्दलच लिहायला बसलोय आज, पण तू मला ओळखतोस, मी आडवळणानंच येणार.

तिथं माझी सोंगटी गेली की मी नाव घ्यायचो आणि तू "न्हाई बसलं". तुझी गेली तर तू बटण उचलून पुढं सरकवायचास, "फुडच्या येळी." मी किती नावं सांगितली असतील. ओढ्यावरची सांगितली, उसाची सांगितली, आमच्या देवीच्या यात्रेत वाजणारी सांगितली. तू आंबेगावाला दिलीस ती मोकळी टेपसुद्धा आमच्या वाडीला दिली नाहीस. मी चिडायचो, म्हणायचो तुला आमच्या गावचं वाकडं आहे. तू हसायचास आणि म्हणायचास, "गाणं बसत न्हाई त्याला मी काय करू?" तू गाण्याचं बोलायचास, मीही गाण्याचंच बोलायचो, आणि आपल्याला दोघांनाही ठाऊक होतं की हे गाण्याचं नाही.

माझ्या लग्नाचं होतं ते.

तेव्हा हा पट नव्हता, पण आपली दोस्ती होती. तू दुकान सांभाळून कर्णे लावायचंही काम करायचास आणि माझ्या लग्नाला स्वतः येणार म्हणून महिनाभर आधी ठरवून बसला होतास. माझ्यासाठी कॅसेट भरलीस ती नुसती गाणी नव्हती. हळदीला कुठलं, वरात फाट्यावरून वळताना कुठलं, मंगलाष्टका संपून टाळ्या वाजल्या की कुठलं, पंगत बसताना कुठलं, सगळं घड्याळाच्या हिशेबानं. आंब्यावर चढून कर्णे तूच बांधलेस. आणि मी तुला आदल्या दिवशी म्हणालो होतो, रतन, पंगतीला माझ्या शेजारी तू. हे मी म्हणालो होतो. कुणी मला म्हणायला लावलं नव्हतं.

पंगत बसली. माझ्या एका बाजूला मेहुणा बसला आणि दुसरी जागा मी हातानं धरून ठेवली होती. तू टेपपाशी गाणं लावून, हातपाय धुऊन मांडवाकडे आलास. नवा सदरा होता तुझा. मांडवाच्या तोंडाशी आमचे चुलते, अण्णा, उभे होते. त्यांनी तुझ्या खांद्याला हातही लावला नाही, नुसतं हसून म्हणाले, "रतन, तुजं पान मागं गोठ्याकडं लावलंय. तिथं निवांत जेव." आवाज मोठा नव्हता. आजूबाजूला कुणी मान वर केली नाही, म्हणजे सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. तू माझ्याकडे बघितलंस.

मी मुंडावळ्या सारख्या केल्या. त्या सरळच होत्या, रतन. मग मी फोटोवाल्याकडे बघितलं. आणि थोड्या वेळानं शेजारच्या जागेवर कुणीतरी बसलं, कोण ते आजही आठवत नाही.

पंगतीतून गोठ्याची कड दिसत होती. तू अँप्लिफायरच्या लाकडी खोक्यावर बसून जेवलास. पानातलं सगळं संपवलंस. हात धुतलेस आणि पंगत उठायच्या वेळेला जे गाणं ठरलं होतं ते बरोबर त्या वेळेला लावलंस, एक क्षण इकडे नाही की तिकडे नाही. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, रतननं मनावर घेतलं नाही. माणूस स्वतःची कशी समजूत घालतो बघ. तू काम चोख केलंस यावरून मी धरलं की तुला काही लागलं नाही.

आठ दिवसांनी दुकानात आलो तो शिव्या खायच्या तयारीनं. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती, अण्णा जुन्या वळणाचे, घरात आजारी आजी, लग्नात तमाशा नको. तू वर बघून विचारलंस, "नवरी कशी हाय?" आणि स्टूल पुढं केलंस. माझी वाक्यं तशीच राहिली. तू शिवी दिली असतीस तर मी माफी मागितली असती, असं मी पुढं कितीतरी वर्षं मनाला सांगत राहिलो. पण माफी मागायला शिवी कशाला लागते?

त्यानंतर तू आमच्या घरी आला नाहीस. मी बोलवायचो, दिवाळीला, यात्रेला, पोराच्या बारशाला. तुझं एकच, "दुकान कोन बघंल?" जसं काही जुन्नर तुझ्या दुकानावर चाललं होतं. आणि मी मात्र तुझ्याकडे हक्कानं यायचो. सुमनवहिनींच्या हातचं मी किती जेवलो याला गणती नाही. बाजरीची भाकरी आणि शेंगोळी केली की त्या म्हणायच्या, "भाऊजींची गाडी कितीची हाय?" गाडी चुकली तर झोपायला तुझ्याकडेच. तुझ्या ताटातली मिरची उचलून खायचो मी.

आई मात्र शेवटच्या दुखण्यात एकदा तुझं नाव काढून विचारत होती. "तो लाऊडस्पीकरवाला येत न्हाई का रं आता?" मी म्हणालो, दुकान असतं. तुझंच उत्तर तिला दिलं. तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि कूस बदलली. तिलाही ठाऊक होतं की काय, कुणास ठाऊक. आमच्याकडे सगळेच मूग गिळण्यात पटाईत.

मग आम्ही जुनं घर पाडून नवं बांधलं. मी खास तुला सांगायला आलो. तोवर कॅसेटी जाऊन सीड्या येऊन त्याही गेल्या होत्या, तू मोबाईलमध्ये गाणी भरून देत होतास. मी म्हणालो, वास्तुशांतीला यायचंच, घर नवीन आहे रतन, जुन्यातलं काही ठेवलं नाही. तू विचारलंस, "उंबरा?" मी सांगितलं, उंबरा जुनाच बसवलाय, सागाचा आहे, आईची इच्छा होती. तू मान हलवलीस. "मंग झालं," म्हणालास, आणि एका गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये कार्ड घालत बसलास. वास्तुशांतीच्या दिवशी तुझा पेन ड्राइव्ह आला, दिवसभराची गाणी क्रमानं. गणेशपूजेला कुठलं, पाहुणे निघताना कुठलं. तू आला नाहीस. लोक म्हणाले गाणी फार छान निवडली होती.

त्या दिवशी मी तुझ्यावर रागावलो होतो, हे आज कबूल करतो. मला वाटलं, किती वर्षं धरून ठेवायचं माणसानं. मी इतक्या वेळा बोलावलं, अजून काय करू. मी बोलावत राहिलो, रतन, पण बोलावणं सोपं असतं. "मी तुला बघितलं होतं" एवढं एक वाक्य मला कधी म्हणता आलं नाही. तू ते कधी मागितलं नाहीस. नुसता तो एक चौकोन कोरा ठेवत राहिलास आणि दर वेळी मला फासा टाकू दिलास.

शेवटचा डाव तुझ्या घरी, कॉटवर. तुला बसलं तरी धाप लागत होती. प्रज्ञा पुण्याहून रजा काढून आली होती आणि नर्सच्या आवाजात दर दहा मिनिटांनी सांगत होती की आता बास. तू म्हणालास, "एक फेरी व्हऊ दे." फासा तुझ्या हातातून कॉटखाली गेला, मी वाकून काढला. मग माझा डाव. स्क्रू आमच्या वाडीवर थांबला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"सांग," तू म्हणालास.

मी म्हणालो, "उशिरा आलेला पाहुणा."

तू चष्मा वर केला नाहीस या वेळी. माझ्याकडे बघत राहिलास, आणि थोडंसं हसलास. "जवळ आलास," म्हणालास. "पन न्हाई बसलं."

तू थांबला होतास, मला दिसत होतं ते. वहिनी बाहेर भांडी घासत होत्या, प्रज्ञा फोनवर होती, खोलीत आपण दोघंच. आणि मी काय म्हणालो? "वहिनींना चहा टाकायला सांगू का?" तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "सांग."

पाच दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला.

काल तुझा जलदान विधी झाला. तुझा फोटो ठेवला होता, मोबाईलच्या दुकानातला, मागं कव्हरं लटकलेली. तुला तो आवडला नसता. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, दोघं-तिघं बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी घोळाची गोष्ट सांगितली, घाटघरची आणि आण्याची. लोक हसले, वहिनीही तोंडाला पदर लावून हसल्या. मग पंगत बसली आणि मी सगळ्यांच्यात बसून जेवलो. जेवताना एकदाही वर बघितलं नाही.

दुपारी माणसं पांगली. ओसरीवर मी, वहिनी आणि प्रज्ञा. प्रज्ञानं पट आणला, कडांना चिकटपट्टी लावलेला, आणि माझ्यापुढं पसरला. सगळी गावं वाचली तिनं, नारायणगावाला हसली. मग बोट ठेवून म्हणाली, "काका, हे एकच कोरं का? तुमचंच तर गाव आहे. तुम्ही लिहा ना आता, बाबांच्या आठवणीला." आणि पेन्सिल पुढं केली.

मी पेन्सिल घेतली. तुला खरं सांगतो, एक क्षण वाटलं, लिहून टाकावं काहीतरी. 'उशिरा आलेला पाहुणा'. पोरीला बरं वाटलं असतं, विषय संपला असता आणि तू काही येऊन खोडणार नव्हतास. मी पेन्सिल खाली ठेवली आणि सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. मी जागा धरून ठेवली होती ते, अण्णा काय म्हणाले ते, मुंडावळ्यांचं, खोक्याचं. सांगताना मी वहिनींकडे बघत होतो, कारण मला वाटत होतं त्यांना हे सगळं ठाऊकच आहे. तू त्यांना त्याच रात्री सांगितलं असशील, आणि तरी त्या मला वाढत आल्या, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्याचंही मला मनात ओझं होतं आणि थोडा आधारही होता.

वहिनी म्हणाल्या, "मला एका शब्दानं बोलले न्हाईत."

मी विचारलं, "कधीच?"

"लग्नावरनं आले तवा मी इचारलं, जेवन कसं व्हतं. म्हनले, लई झ्याक. बाळूच्या शेजारीच बसलो व्हतो."

रतन, हे तू का केलंस? मला कळतं आणि कळत नाही. तू त्यांना खरं सांगितलं असतंस तर त्या घरात माझा पाय पुन्हा पडला नसता, आणि पडायलाही नको होता. तू माझी अब्रू तुझ्या बायकोपाशी राखलीस. मी राखली नाही तुझी, चारचौघांत. इतकी वर्षं मी त्या ओसरीवर पाय पसरून बसलो, भाऊजी भाऊजी करून घेतलं, ते सगळं तुझ्या एका खोट्या वाक्यावर उभं होतं. मला वाटायचं, तू तो चौकोन कोरा ठेवून मला टोचतोस. तू तर माझ्याबद्दल कुणालाच कळू न देता मला सांभाळत होतास, आणि जे एक वाक्य माझ्याकडून हवं होतं ते फक्त आपल्या दोघांत, त्या पटावर मागत होतास.

प्रज्ञा उठून आत गेली. वहिनींचे हात मांडीवर होते, त्या पटाकडे बघत नव्हत्या, अंगणातल्या चपलांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुमाला किती येळा वाढलं असंल मी, भाऊजी." मी मान खाली घातली. "ठावं असतं तरी वाढलंच असतं, दारात आलेल्याला. पन ठावं असायला पायजे व्हतं मला. ते माजं मी ठरवलं असतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. तुझ्यावरही रागावल्या होत्या त्या, माझ्याइतक्याच, कदाचित जास्त.

मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं." हे मी त्यांना म्हणालो. तुला म्हणायचं होतं.

त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आज तुमी घरी जावा. उद्या या."

मी घरी आलो. मंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला त्या दिवशी काहीच दिसलं नव्हतं, ती नवरी होती, मान खाली घालून बसलेली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी बी येते उद्या." मी नको म्हणालो. हे माझं एकट्याचं आहे.

सकाळी लवकर उठून तुला हे लिहितोय. तुझी फार आठवण येते, रतन. नुसतं दुकानाच्या दारात उभं राहून तुझ्या तोंडून "आलास व्हय" ऐकावं असं वाटतं. कुठल्याही गावाचं कुठलंही नाव घ्यावं आणि तू ते पाडावंस. आपलं एकही भांडण आता पुरं व्हायचं नाही. लोणीला यंदा पाऊस झालाय, तू सांगितल्याप्रमाणे खोडायला हवं, पण ते कुणी ठरवायचं?

वहिनी दार उघडतील, ते मला माहीत आहे. बस म्हणतील की नाही, ते माहीत नाही. म्हणाल्या तर बसेन. नाही म्हणाल्या तर दारातच उभा राहून, त्यांना त्या दिवसाचं जे जे विचारायचं असेल त्याला उत्तर देईन, एकही गोष्ट न लपवता, त्या थांबा म्हणेपर्यंत. नऊची गाडी आहे. निघतो.

तुझा,
बाळू कंडक्टर